बोंडअळीने दार बदलले

कपाशीच्या शेतातील लढाई प्रत्यक्षात लढली जाते ती पेशीच्या पडद्यावर

जळगाव, प्रतिनिधी : मे महिना सरत आला, की जळगाव, धरणगाव, चोपडा, अमळनेर आणि पलीकडे धुळे जिल्ह्यातील शिरपूर, शिंदखेडा या भागांत कृषी केंद्रांपुढे कपाशीच्या बियाण्यासाठी गर्दी होऊ लागते. पाकिटावर 'बीटी' ही अक्षरे ठळक छापलेली असतात. रांगेतल्या गप्पांत मात्र 'बीटी फेल गेली' हे वाक्य हमखास कानी पडते. फेल गेली म्हणजे नेमके काय झाले? झाडातील विष कमी पडले, बियाणे बनावट निघाले, की पाऊस आडवा आला? यातील प्रत्येक कारण कुठे ना कुठे खरे असेलही. गुलाबी बोंडअळीच्या बाबतीत मुख्य उत्तर मात्र निराळे आहे, आणि ते अळीच्या आतड्यातील एका पेशीच्या पडद्यावर लिहिलेले आहे. हा पडदा कोणाला आत घेतो, कोणाला बाहेर ठेवतो आणि कोणाला फसून वाट देतो, हे समजले तर खानदेशातील कपाशीची गेल्या दोन दशकांची कथा बरीच उलगडते.

कागदाच्या जाडीत दहा हजार पडदे

प्रत्येक सजीव पेशीभोवती एक पातळ आवरण असते. शालेय पुस्तकात त्याला प्रद्रव्यपटल म्हणतात. सोयीसाठी पेशीपटल म्हणू. त्याची जाडी सात ते आठ नॅनोमीटर. वर्तमानपत्राच्या एका कागदाच्या जाडीत अशी सुमारे दहा हजार पटले एकावर एक बसतील. इतके तलम असूनही ते पेशीचे प्राण सांभाळते, कारण ते मेदाचे बनलेले आहे. नेदरलँड्समधील लायडेन येथे गॉर्टर आणि ग्रेंडेल या संशोधकांनी १९२५ मध्ये रक्तातील तांबड्या पेशींपासून मेद वेगळा करून मोजला आणि हा मेद पेशीभोवती दोन थरांत रचलेला असावा, असा निष्कर्ष काढला. पुढील संशोधनाने तो खरा ठरविला. दोन्ही थरांची पाण्याशी जमणारी तोंडे बाहेरच्या बाजूंना आणि पाण्याला टाळणारी शेपटे आत, एकमेकांकडे. म्हणजे दोन बाजूंना पाणी आणि मध्ये तेलाची एक अतिशय बारीक फट, असा हा प्रकार होय.

या तेलाच्या फटीतून कोण पार होईल हे साध्या नियमाने ठरते. जे मेदात विरघळते ते सहज जाते. प्राणवायू, कार्बन डायऑक्साइड, मद्यार्क यांना कोणाची परवानगी लागत नाही. जिथे त्यांचे प्रमाण जास्त, तिथून जिथे कमी, तिकडे ते आपोआप सरकतात. याला विसरण म्हणतात. मिठातील सोडियम, केळीत भरपूर असणारे पोटॅशियम, साखर हे पाण्याचे सोबती मात्र तेलाच्या काठाशी अडतात. त्यांच्यासाठी पटलात ठिकठिकाणी प्रथिनांची दारे बसविलेली आहेत. काही दारे नुसती नळ्यांसारखी, काही इशारा मिळाल्यावरच उघडणारी, तर काही चक्क पंपासारखी ऊर्जा खर्चून माल ढकलणारी.

पाणीही बहुतेक या दारांतूनच घाईने जाते. पाण्याची ही खास नळी अमेरिकेतील पीटर अॅग्रे यांनी १९९२ मध्ये दाखवून दिली व त्याबद्दल २००३ मध्ये त्यांना रसायनशास्त्राच्या नोबेल पुरस्काराचा वाटा मिळाला. अशा एका नळीतून सेकंदाला सुमारे तीनशे कोटी पाण्याचे रेणू जातात. पाणी कोणत्या दिशेला जाते हे स्वयंपाकघरात सर्वांनाच ठाऊक असते. लोणच्यासाठी कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेवले की तासाभरात तळाशी पाणी सुटते. कोशिंबिरीत मीठ आधी घातले तर काकडी गळून जाते. जिकडे विरघळलेले पदार्थ अधिक, तिकडे पटलातून पाणी ओढले जाते. यालाच परासरण म्हणतात. उलट बाजूने पाहिले तर साध्या पाण्यात टाकलेली तांबडी रक्तपेशी पाणी शोषून फुगते आणि फुटते. रुग्णालयातील सलाइनच्या बाटलीवर ०.९ टक्के मीठ लिहिलेले असते ते याच कारणाने.

मग शरीरातील पेशी रोज फुटत का नाहीत? कारण त्या अखंड राबत असतात. पेशीत सतत शिरणारे सोडियम बाहेर फेकणारा एक पंप पटलात बसविलेला असतो. तो तीन सोडियम बाहेर टाकतो व दोन पोटॅशियम आत घेतो. डेन्मार्कच्या येन्स स्काऊ यांनी १९५७ मध्ये खेकड्याच्या मज्जातंतूंवर काम करताना तो शोधला. नोबेल त्यांना चाळीस वर्षांनी, १९९७ मध्ये मिळाले. माणूस स्वस्थ पडून असतानाही शरीराच्या ऊर्जेचा सुमारे पाचवा ते चौथा हिस्सा या एका कामावर खर्च होतो. बाहेर-आत असा हा तोल सांभाळणे म्हणजेच पेशीचे जगणे. कीटकांच्या पेशी हाच तोल आपल्या निराळ्या पंपांनी सांभाळतात. हा तोल कोणी बिघडवला तर पेशी टिकत नाही, आणि बीटी नेमके तेच करते.

भोक पाडणारे प्रथिन

बीटी म्हणजे बॅसिलस थुरिंजिएन्सिस हा मातीत आढळणारा जीवाणू. जपानमध्ये इशिवाता यांना तो १९०१ मध्ये रोगी रेशीमकिड्यांत आढळला, तर जर्मनीतील थुरिंगिया प्रांतातील पिठाच्या गिरणीतून आलेल्या मेलेल्या अळ्यांत एर्न्स्ट बर्लिनर यांना तो १९११ मध्ये दिसला. त्या प्रांताचेच नाव जीवाणूला चिकटले. हा जीवाणू आपल्या शरीरात प्रथिनाचा एक स्फटिक बनवितो. अळीने तो खाल्ला की तो तिच्या आतड्यात विरघळतो, कारण पतंगवर्गातील अनेक अळ्यांचे आतडे माणसाच्या जठरासारखे आम्ल नसून तीव्र अल्कधर्मी असते. पीएच ९च्याही वर. गमतीचा भाग असा, की हे अल्कधर्मी वातावरण अळीच्या आतड्यातील पेशींनी आपल्या पटलावरील पंपांच्या साह्यानेच तयार केलेले असते. शत्रूला विरघळविणारे पाणी घरच्याच विहिरीचे.

विरघळलेल्या प्रथिनाचे आतड्यातील पाचक रस तुकडे करतात आणि त्यातून खरे कार्यक्षम विष मोकळे होते. तरीही ते अजून निरुपद्रवीच असते. आतड्याच्या पेशीवर कॅडहेरिन नावाचे एक प्रथिन बाहेर डोकावत असते. पेशी एकमेकींना धरून राहाव्यात यासारख्या कामांसाठी अशी प्रथिने असतात. बीटीचे विष त्याला जाऊन चिकटते. तिथे त्याच्या अनेक प्रती एकत्र येतात, एक कडे तयार होते आणि ते कडे पेशीपटलात रुतून बसते. पटलाला आरपार भोक पडते. या भोकाला दार नाही, पहारा नाही. क्षार आणि त्यांच्यामागोमाग पाणी आत घुसते, पंपांची मेहनत वाया जाते, पेशी फुगते आणि फुटते. आतड्याचे अस्तर फाटलेली अळी खाणे सोडते व काही दिवसांत मरते.

बीटी कपाशीत हे प्रथिन बनविण्याची सूचना, म्हणजेच जीवाणूचे जनुक, झाडाच्या पेशींत घातलेले असते. त्यामुळे फवारणी न करताही पाने, फुले, बोंडे अळीला मारक ठरतात. माणसाच्या किंवा गुरांच्या आतड्यातील पेशींवर या विषाला पकडणारी जागा नाही, जठर आम्ल आहे. त्यामुळे त्यांच्या पेशीपटलाला असे भोक पडत नाही. बीटीविषयी वाद अनेक आहेत आणि बियाण्याचा खर्च, कंपन्यांची मक्तेदारी, कोरडवाहू जमिनीतील नफा-तोटा हे प्रश्न रास्तही आहेत. पण 'अळी मरते तर माणूसही मरेल' ही शंका दाराच्या या गणिताने बरीचशी मिटते.

पाकिटातले १२० ग्रॅम

केंद्र सरकारच्या समितीने बीटी कपाशीला मार्च २००२ मध्ये मंजुरी दिली. पहिल्या पिढीत 'क्राय१एसी' हे एकच प्रथिन होते. २००६ मध्ये 'बोलगार्ड-२' आले. त्यात 'क्राय२एबी' या दुसऱ्या प्रथिनाची भर पडली. १९९०च्या दशकात हिरव्या, म्हणजे अमेरिकन, बोंडअळीने कपाशी उत्पादकांची जी दैना केली होती, ती आठवणाऱ्यांना हा मोठाच दिलासा वाटला. खानदेशात काय किंवा विदर्भात काय, काही वर्षांतच जवळजवळ सगळे कपाशीचे क्षेत्र बीटीखाली गेले. यातच पुढील संकटाचे बीज होते.

गुलाबी बोंडअळी ही हिरवीपेक्षा वेगळ्या स्वभावाची. हिरवी अळी तूर, हरभरा, टोमॅटो अशा अनेक पिकांवर जगते. गुलाबी मात्र जवळपास केवळ कपाशीवरच. ती बोंडात शिरते, शिरल्याची खूण बुजते आणि आत बसून सरकी खाते. फुलावर तिचा हल्ला झाला की पाकळ्या मिटून गुलाबाच्या कळीसारखे फूल राहते. शेतकरी त्याला डोमकळी म्हणतात. सगळीकडे बीटी कपाशीच असेल तर या अळीपुढे दुसरा चाराच राहत नाही. लाखो अळ्या मरतात. पण एखादीच्या कॅडहेरिनच्या जनुकात जन्मतःच बिघाड असतो. तिच्या पेशीवर विषाला पकडायला जागाच नीट नसते. ती जगते, आणि तिची प्रजा वाढते.

गुजरातच्या अमरेली भागातून २००८ मध्ये गोळा केलेल्या अळ्यांत क्राय१एसीला दाद न देण्याची क्षमता आढळली. बियाणे कंपनीने ते २०१० मध्ये जाहीर केले. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात भारतातील शेतांमधील प्रतिकारक्षम अळ्यांत कॅडहेरिन जनुकाचे मोडतोड झालेले आठ नवे प्रकार सापडले. एक नव्हे, आठ! म्हणजे कुलूप बदलण्याची युक्ती अळीला एकाहून अधिक वाटांनी साधली होती. क्राय२एबीचे काय झाले, याचे उत्तर २०१८ मध्ये आले. तिथे बिघाड सापडला तो एबीसीए२ या प्रथिनात. हे प्रथिन पेशीपटलावरील वाहतूक करणाऱ्या, ऊर्जा खर्चून पदार्थ इकडून तिकडे नेणाऱ्या कुळातील आहे. पटलावरील मालवाहू दारालाच विषाने कडी म्हणून वापरले होते. अळीने ते दारच मोडके करून टाकले. दोन किल्ल्या, दोन कुलपे, आणि दोन्ही कुलपे बदललेली. २०१७च्या हंगामात महाराष्ट्रात गुलाबी बोंडअळीने मोठे नुकसान केले आणि हिवाळी अधिवेशनात सरकारला मदत जाहीर करावी लागली, त्यामागचे सूक्ष्म कारण हे होते.

हे टाळता आले असते काय? शास्त्रज्ञांनी उपाय आधीच सांगून ठेवला होता. मोडके जनुक आईकडून आणि बापाकडून असे दोन्हींकडून आले तरच अळी पूर्ण प्रतिकारक्षम होते. म्हणून शेताच्या कडेला साध्या, बिगर-बीटी कपाशीच्या ओळी लावायच्या. तिथे विषाला बळी पडणारे पतंग वाढतील, ते प्रतिकारक्षम पतंगांशी मीलन करतील आणि पुढील पिढीत एक तरी धड जनुक येऊन अळी पुन्हा मरू लागेल. नियम होता शेताचा वीस टक्के भाग किंवा भोवतालच्या पाच ओळी, यांपैकी जे अधिक असेल ते. त्यासाठी ४५० ग्रॅम बीटी बियाण्यासोबत १२० ग्रॅम साध्या बियाण्याची वेगळी पुडी दिली जाई. ही पुडी बहुतेक ठिकाणी मातीत गेलीच नाही. दोष केवळ शेतकऱ्याला देणे सोपे आहे, पण न्याय्य नाही. अळीला खाऊ घालण्यासाठी शेताचा पाचवा हिस्सा सोडा, असे ज्याला सांगायचे त्याला त्यामागचे कारण समजावून सांगण्याची तसदी कोणी घेतली, हा प्रश्न विचारायलाच हवा. पुडीवरची बारीक अक्षरे हा काही कृषिविस्तार नव्हे.

खानदेशाची म्हणून एक जादा अडचण आहे. ठिबक सिंचनाच्या बळावर जळगाव जिल्ह्यात मे महिन्यातच पूर्वहंगामी कपाशी लावण्याची पद्धत रुळली. ही कपाशी लवकर फुलते आणि जमिनीतून, जिनिंगच्या आवारातून, बांधावर रचलेल्या पऱ्हाट्यांतून बाहेर पडणाऱ्या पहिल्या पतंगांना आयते घर मिळते. दुसऱ्या टोकाला फरदड. डिसेंबरनंतर पाणी देऊन तेच पीक मार्चपर्यंत ठेवले की अळीचा मुक्काम लांबतो. वर्षाची दोन्ही दारे अशी उघडी. अलीकडच्या वर्षांत कृषी विभागाने बीटी बियाणे शेतकऱ्यांना १ जूनपूर्वी विकू नये असे निर्बंध घातले ते यासाठीच. पाणी उपलब्ध असलेल्या शेतकऱ्याला ते जाचक वाटतात, आणि त्याच्या हिशेबाने पाहिले तर ते साहजिकही आहे.

इतरत्र काय घडले तेही पाहावे. अमेरिकेत बिगर-बीटी ओळी, वंध्य केलेले पतंग सोडणे आणि पऱ्हाट्या वेळेत गाडणे यांची सांगड घालून २०१८ मध्ये तेथील कपाशीतून गुलाबी बोंडअळीचे उच्चाटन झाल्याचे सरकारने जाहीर केले. चीनच्या यांगत्से खोऱ्यात शेतकऱ्यांनी संकरित वाणाच्या दुसऱ्या पिढीचे बियाणे लावले. त्यात काही झाडे आपोआपच बिगर-बीटी निघाली आणि न ठरविता आश्रय ओळी तयार झाल्या.

ज्याला दार लागत नाही

बीटीचा धाक कमी झाला तसा फवारणीचा पंप पुन्हा पाठीवर आला. कृषी केंद्राच्या फळीवरील बाटल्या पाहिल्या तर त्यांतील बहुतेकांचे काम पेशीपटलाशीच निगडित असल्याचे आढळेल. सायपरमेथ्रिन कीटकाच्या मज्जापेशीतील सोडियमचे दार मिटू देत नाही. संदेश थांबत नाहीत आणि कीटक आचके देऊन मरतो. इमिडाक्लोप्रिड मज्जापेशीवरील संदेश झेलणाऱ्या दाराला धरून बसते. प्रोफेनोफॉससारखी सेंद्रिय फॉस्फरसयुक्त औषधे संदेशवाहक रसायन मोडणारे विकर बंद पाडतात, मग तेच दार पुन:पुन्हा उघडत राहते. हे विकर आणि हे दार कीटकात आहे तसे माणसातही आहे.

खरी चिंता पुढची. बीटीच्या प्रथिनाला आत जाण्यासाठी ठराविक जागा लागे. प्रोफेनोफॉस मेदात विरघळते; त्याला दार लागतच नाही. प्राणवायू जसा सरळ तेलाच्या फटीतून जातो, तसे ते त्वचेतील मेदातून हळूहळू आत उतरते. त्वचा म्हणजे भिंत, हा समज इथे घात करतो. पॅराथिऑन या जुन्या कीटकनाशकावर १९७१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात कोपराखालील हाताच्या त्वचेतून सुमारे ९ टक्के, कपाळावरून ३६ टक्के आणि काखेतून ६४ टक्के औषध शरीरात गेल्याचे दिसले. शरीरभर त्वचा एकच दिसत असली तरी पहारा सगळीकडे सारखा नसतो.

आता डोक्याएवढी वाढलेली कपाशी डोळ्यांपुढे आणावी. फवारणारा दोन ओळींमधून चालतो आहे, तुषार वरून कपाळावर, मानेवर, काखेत येत आहेत, ऑक्टोबरच्या उकाड्यात अंग घामाने निथळते आहे, सदरा भिजून पाठीला चिकटला आहे. उष्णतेने आणि ओलाव्याने त्वचेतून औषध शोषले जाण्याचे प्रमाण वाढते. २०१७च्या याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजुरांचा बळी गेला, शेकडो जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले. त्यांपैकी बहुतेकांनी विष प्यायले नव्हते. विदर्भात जी औषधे विकली जात, तीच खानदेशातही मिळतात. आणि पंप पाठीवर घेणारा बहुधा शेतमालक नसून रोजंदारीवरचा मजूर असतो.

पटलाचे हे गणित कळले तर काही सूचनांचा अर्थ स्पष्ट होतो. नुसत्या पाण्याने हात धुणे अपुरे का, तर औषध तेलकट आहे आणि पाण्याला ते सोडविता येत नाही; साबण मेदाला पाण्यात मिसळवितो, म्हणून साबण हवाच. भिजलेले कपडे संध्याकाळपर्यंत अंगावर ठेवणे म्हणजे औषधाचा लेप दिवसभर बांधून ठेवणे. डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होणे, तोंडाला पाणी सुटणे, मळमळ, अंग थरथरणे ही लक्षणे दिसताच कपडे उतरवून अंग साबणाने धुवावे आणि औषधाची बाटली किंवा तिच्यावरील चिठ्ठी सोबत घेऊन रुग्णालय गाठावे. डॉक्टरांना अॅट्रोपिन द्यायचे की नाही, हे त्यावरून लवकर ठरविता येते.

फवारणी केव्हा करायची हे कळण्यासाठी आता शेतात कामगंध सापळे लावण्यावर कृषी विद्यापीठांचा भर आहे. सापळ्यातील गोळीत गॉसिप्ल्युअर असते. गुलाबी बोंडअळीच्या मादी पतंगाचा हा गंध रसायनशास्त्रज्ञांनी १९७३ मध्ये ओळखला. नर पतंगाच्या मिशांवरील पेशींच्या पटलात या गंधासाठी खास दार असते. गंधाचा रेणू त्यावर टेकला की दार उघडते, क्षार आत शिरतात आणि नर अंधारात सापळ्याच्या दिशेने निघतो. हे दार बदललेला नर मादीपर्यंत पोहोचणार कसा, त्यामुळे ते बदलणे अळीला तितकेसे सोपे नाही. हेक्टरी पाच सापळे, आणि सलग तीन रात्री प्रत्येक सापळ्यात आठ किंवा त्याहून अधिक पतंग आढळले, तरच पंप खांद्यावर घ्यावा, असा निकष कृषी शास्त्रज्ञांनी ठरवून दिला आहे.